सरकीची दाढ

माझ्या बाबांची खालची उजवी दाढ हीच आमच्या घरातली खरी कमावती, असं आई म्हणायची. त्यात फारसं खोटं नव्हतं. बाबा अकोल्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापूस आणि त्यातली बी, सरकी, वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाचे पारखी होते. गाडी आली की ते कापसात कोपरापर्यंत हात खुपसत, आतला मूठभर कापूस बाहेर काढत, धागा ओढून बघत आणि मग त्यातली एक सरकी वेगळी करून दाढेखाली धरत. सरकी कट करून फुटली तर कापूस सुका. नुसतीच चेपली गेली तर ओला, आणि ओल्याला भाव कमी. वऱ्हाडात जिथे कापूस विकला जातो तिथे कुणी ना कुणी अशी सरकी फोडत असतोच. पण बाबांच्या दाढेवर शेठचाही भरवसा होता आणि गाडीवाल्यांचाही, आणि हे मात्र सहसा जमत नाही.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, नेहमी उजव्याच दाढेवर काहून फोडता. ते म्हणाले, डावीला समजत नाही. मग मी डावीवर, उजवीवर, पुढच्या दातांवर, सगळीकडे सरकी फोडून पाहिली. मला कुठेच काही समजलं नाही, जिभेवर कडवट तेलकट चव तेवढी राहिली. हा 'काहून' तेव्हापासून माझ्या तोंडात बसलाय. त्याच्यापायी मी पुष्कळांना नकोशी झाले आहे, पण तो काही सुटला नाही.

पुढे मी विज्ञान शिकले, अमरावतीच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि शनिवारी शाळा सुटली की अकोल्याला येत राहिले. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. अशाच एका शनिवारी आम्ही तिघं जेवायला बसलो असताना मला सरकी फुटल्याचा आवाज आला. ताटात तर भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दुसरा घास घेतला आणि पुन्हा तसाच आवाज आला.

"बाबा, तोंडात काय हाय?"

"काईच नाई," ते म्हणाले. "जबडा वाजून राहिला."

सुरुवातीला आम्हाला त्याची गंमतच वाटली. मी त्यांच्या कानापुढे बोट ठेवून आवाज नक्की कुठून येतो ते शोधलं. तुम्हीही करून पाहा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवायचं आणि तोंड उघडायचं, मिटायचं. तिथे एक छोटं हाड पुढे सरकतं आणि मागे येतं. करंगळी कानात घातली तर ते आणखी स्पष्ट कळतं. खालचा जबडा कवटीला टांगलेला आहे तो या दोन सांध्यांवर, आणि शरीरात हेच दोन सांधे असे आहेत की एकाला सोडून दुसऱ्याला हलताच येत नाही. बाबांचा उजवा सांधा उघडताना आधी अडखळायचा आणि मग उडी मारल्यासारखा पुढे जायचा. कट व्हायचं ते तिथे.

मग गंमत संपली. कानापुढे दुखायला लागलं. दुखणं कानशिलात चढलं, मानेत उतरलं. पावसाळा सरता सरता एक दिवस त्यांचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडलं आणि तिथेच अडलं. आई भाकरी वरणात कुस्करून द्यायला लागली. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. मेल्या म्हाताऱ्यासारखं खातो मी, असं ते म्हणाले आणि ताट अर्धवट सारून उठले.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. आईच्या मते हा गार वाऱ्याचा प्रताप, म्हणून ती तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी शेकायला द्यायची. शेजारचे शिंपी चाचा म्हणाले, कानात मळ असेल, गरम तेल सोडा. बाबांचं निदान मात्र ठरलेलं होतं. दोष त्या दाढेचा. जन्मभर सरकी फोडून फोडून ती उंच झाली आहे, दात मिटले की तीच आधी टेकते, त्यामुळे जबडा कलतो. झिजून दाढ उंच कशी होईल हे मी विचारलं तर त्यांना राग आला.

आणि नवल म्हणजे दाताच्या डॉक्टरांनी त्यांचीच बाजू घेतली. हे डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आमच्या भागात दवाखाना टाकून बसले होते. त्यांनी निळ्या कार्बनची बारीक पट्टी बाबांच्या दातांमध्ये धरली आणि कटकट दात आपटायला सांगितलं. मग आरसा घालून मला आत दाखवलं. सगळ्या दातांवर फिकट ठिपके होते आणि त्या एका दाढेवर गडद निळा डाग. चाव बिघडला आहे, डॉक्टर म्हणाले. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, सगळा भार या दाढेवर येतो आणि तो सांध्याला सोसावा लागतो. दाढ किंचित घासून दिली तर फरक पडेल असं त्यांना वाटत होतं.

"घासता काहून?" बाबा अर्ध्या उघड्या तोंडाने म्हणाले. "काढूनच टाका."

डॉक्टर चपापले. दाढ निरोगी होती, कीड नाही, हलत नाही. पण बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते का, हे मला घरी परतताना पुलावर कळलं. शेठनी ओलावा मोजायचं मशीन मागवलं होतं. दिवाळीनंतर कापूस येईल तेव्हा सरकी फोडायची गरज पडणार नव्हती. मशीनचा काटा कापसात खुपसायचा आणि आकडा वाचायचा, एवढंच. बाबांची नोकरी राहणार होती, वाचायला माणूस लागतोच. पण दाढ बिनकामाची झाली होती. बिनकामाची आणि वर दुखणं देणारी, मग ठेवायची कशाला, असं ते पुलाच्या कठड्याला धरून मला शांतपणे म्हणाले. मला एकदम रडू आलं. मी नाक शिंकरायचं निमित्त केलं.

सांध्याची सूज उतरू द्या, दिवाळीनंतर बघू, एवढ्यावर डॉक्टरांनी ते पुढे ढकललं होतं. म्हणजे मला थोडा अवधी होता. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची हौस मोठी. मला आधी चोरी कुणाची ते पाहायचं होतं. वाकडा चाव सांधा बिघडवतो, हे खरं असेल तर ज्यांचे दात वाकडे त्यांचे जबडे दुखायला हवेत आणि ज्यांचे दात सरळ ते सुखी असायला हवेत. हे तपासायला काही लागत नाही. माणसांना तोंड उघडायला लावायचं फक्त.

मी लावलं. अमरावतीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत सुरुवात केली. दात मिटा, आता ओठ उघडा, असं म्हणत मी एकेकासमोर उभी राहायचे. गणिताचे सर म्हणाले, बैलबाजारात लोक दात पाहून वय ओळखतात, बाई आता आमची किंमत ठरवून राहिल्या. मी म्हटलं, तुमची कुणी बोलीच लावणार नाही, तोंड उघडा. त्यांचे वरचे दात खालच्यांवर इतके पुढे आले होते की मध्ये बोट जाईल. जबडा कधी दुखला का विचारलं तर म्हणाले, बायकोशी भांडूनसुद्धा नाही. आणि आमच्या संगीताच्या बाई, ज्यांचे दात मक्याच्या कोवळ्या कणसासारखे एका ओळीत, त्या हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांचा जबडा दर परीक्षेच्या दिवसांत अडतो. दोन वर्षं त्या हे कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं, आपल्याला काहीतरी भलतंच झालं असणार.

एसटीत शेजारी बसलेल्या बायकांनाही मी सोडलं नाही. मूर्तिजापूरच्या एका आजींच्या तोंडात वर तीन आणि खाली चार दात, तेही एकमेकांना न भेटणारे. त्या भाजलेल्या शेंगा खात होत्या. जबडा दुखते का आजी, विचारलं तर म्हणाल्या, माय, सारं दुखते, तेवढा जबडा सोडून.

आणि शिंपी चाचा तर घराशेजारीच होते. त्यांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे, लहानपणापासून. दात मिटले की खालचे वरच्यांना झाकून टाकायचे. निळ्या कार्बनच्या हिशेबाने त्यांचा चाव जगातला सगळ्यात बिघडलेला. हे चाचा दिवसभर दोरा दाताने तोडत, सुया दातांत धरत आणि संध्याकाळी दारात बसून ऊस सोलून खात. त्यांच्या कानापुढे मी बोट ठेवलं तर सांधा लोण्यातून सरकल्यासारखा सरकला. चाचांना ही तपासणी इतकी आवडली की त्यांनी मोहल्ल्यातल्या तीन-चार जणांना बोलावून त्यांचेही जबडे मला दाखवले.

म्हणजे निकाल काय? निकाल काहीच नाही. वाकड्यांत दुखणारे होते, सरळांत दुखणारे होते, आणि दोन्हींत बहुतेक न दुखणारेच होते. वाजणारे जबडे तर मला इतके सापडले की मी मोजणंच सोडलं. त्यातल्या बऱ्याच जणांना आपला जबडा वाजतो हेही माहीत नव्हतं. मी चिडले. आपण एखादी गोष्ट शोधायला जावं आणि तिने सरळ तोंडच फिरवावं, याचा मला फार राग येतो. तरी एवढं कळलं की दाढेविरुद्धचा पुरावा कच्चा आहे.

दिवाळी झाली. मशीन आलं. बाबांचं सरकी फोडणं बंद पडलं आणि मी मनातल्या मनात खूश झाले, कारण माझ्याकडे दुसरं कारण तयार होतं. चाव नसेल तर चावणं असेल. रोज शंभर गाड्यांच्या सरक्या एकाच बाजूने फोडून सांधा थकला असेल, आता त्याला आराम मिळेल. मी आईला तसं छातीठोकपणे सांगितलंही.

दुखणं वाढलं. चांगलंच वाढलं. सरकी तर सोडाच, फुटाणासुद्धा न खाता बाबांचं तोंड संध्याकाळी एका बोटापुरतंही उघडेनासं झालं. आई म्हणाली, रात्री झोपेतही दात खातात, मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुझं इग्न्यान काय म्हणते आता? बाबांनी मात्र आपलं उत्तर काढलं. ते डॉक्टरांकडे गेले आणि येत्या शनिवारी दाढ काढायचं ठरवून आले.

त्या शनिवारी मी रजा टाकून सकाळचीच निघून आले. बाबांची शुक्रवारी सुट्टी होती, पाठोपाठ शनिवारही त्यांनी मागून घेतला होता, त्यामुळे त्यांना त्या दिवशी बरंच बरं वाटत होतं. दोन दिवस घरी राहून जबडा थोडा सैल झाला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं. मी म्हटलं, आधी एकदा तो निळा कागद लावून बघा. त्यांना घाई होती, बाहेर माणसं बसली होती, पण त्यांनी लावला. आरसा घातला आणि बराच वेळ बघत राहिले. मग दिवा जवळ ओढून पुन्हा बघितलं.

गडद डाग त्या दाढेवर नव्हता. सगळ्या दातांवर सारखे फिकट ठिपके होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला, कारण तो गोंधळला आणि त्याने ते लपवलं नाही. ते म्हणाले, आम्हाला शिकवलं ते असं की चाव बिघडला म्हणून सांधा बिघडतो. हल्ली काही लोक म्हणतात, इतकं सरळ नाही ते. कधीकधी उलटंही असतं. स्नायू आखडले, सांध्यात सूज आली की जबडाच जागेवरून किंचित सरकतो, आणि मग एखादी दाढ आधी टेकते. दाढ आहे तिथेच असते. पहिल्यांदा तपासलं त्या दिवशी बाबांची दाढ उंच नव्हती, जबडा हलला होता. घासली असती तर आज ती जागा कायमची बुटकी राहिली असती, आणि काढली असती तर विचारायलाच नको. घासलेला दात परत येत नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मग त्यांनी बाबांना विचारलं, तुमचे दात दिवसभर कसे असतात? बाबांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. दात कसे असणार, तोंड मिटलं की मिटलेले. डॉक्टर हसले. म्हणाले, नाही. ओठ मिटलेले असतात, दात सुटे असतात. चावताना आणि गिळताना तेवढे टेकतात, एरवी वरच्या-खालच्यांत फट असते. अख्ख्या दिवसात दात एकमेकांना लागतात तो वेळ एका जेवणाएवढासुद्धा होत नाही.

हे ऐकून मी थक्क झाले. इतकी वर्षं तोंड घेऊन फिरते आहे आणि मला माझ्याच दातांची बैठक माहीत नाही. म्हणजे दात कितीही वाकडे असले तरी दिवसभर ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोमवारी मी वर्गात सगळ्यांना शांत बसायला सांगितलं आणि एकदम विचारलं, आत्ता तुमचे दात टेकलेत का? सगळा वर्ग क्षणभर आपल्याच तोंडात बघू लागला. जवळजवळ सगळ्यांचे सुटे होते. टेकलेले निघाले ते अशा एका मुलीचे, जिचा गृहपाठ झाला नव्हता आणि जिला वाटलं होतं की मी आता वह्या मागणार.

मला त्या मुलीच्या चेहऱ्याने झोप लागू दिली नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा रजा टाकून पहाटेच निघाले आणि घरी न जाता सरळ जिनिंगवर गेले. थंडीचे दिवस होते, धुकं अजून विरलेलं नव्हतं. गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. सकाळचा पेपर आई आधी उलटा धरायची, मागच्या पानावरून वाचायची, कारण पुढच्या पानावर आत्महत्येच्या बातमीत रोज एखादं ओळखीचं गाव असायचं. रांगेत उभी असलेली माणसं पूर्वीसारखी पारख्याशी हुज्जत घालत नव्हती. आकडा ऐकत, मान हलवत आणि गाडी पुढे घेत.

मी वजनकाट्याजवळ बसून बाबांच्या गालाकडे बघत राहिले. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, दात दाबले की एक गोळा उठतो. बाबा मशीनचा काटा कापसात खुपसत, आकडा वाचत, आणि काही वेळा तो गोळा उठे. प्रत्येक वेळी नाही. गर्दी वाढली म्हणून नाही, शेठ जवळ आले म्हणूनही नाही. मी पुष्कळ वेळ बघितलं तेव्हा लक्षात आलं. आकडा वाचण्याआधी त्यांचा डावा हात सवयीने कापसात कोपरापर्यंत जात होता. हाताने सांगितलेलं आणि मशीनने सांगितलेलं जुळलं की गाल सपाट. जुळलं नाही की गोळा. मग ते आकडा मोठ्याने वाचत, समोरचा मान हलवी, आणि गोळा पुढच्या गाडीपर्यंत तसाच राही.

चहाच्या वेळी आम्ही सरकीच्या पोत्यांवर बसलो. मी विचारलं, डॉक्टरांनी दात सुटे ठेवायले सांगितले, तुमी ठेवून काहून नाही राहिले? त्यांनी कप पोत्यावर टेकवला.

"दात सुटे ठेवले तं तोंडातून निघून जाईन ना, बाई."

"काय निघून जाईन?"

"का कापूस सुका हाय म्हनून."

त्यांनी मग थोडं थोडं सांगितलं. सकाळी गाडीवर दव पडलेलं असतं. मशीनचा काटा वरवर खुपसला की ते दव मोजतं. आत कापूस वाळलेला असतो. काही वेळा मशीनच बरोबर असतं, त्यांचा हात चुकतो, हेही त्यांनी मान्य केलं. मी विज्ञानाची बाई, मला ते आवडलं. पण ज्या वेळी आपण बरोबर आहोत हे कळतं त्या वेळी काय करायचं? पूर्वी दाढेने ओला म्हटला तर त्यांना वाईट वाटायचं पण खोटं वाटायचं नाही. आता आकडा आपल्या तोंडाने वाचायचा आणि तो आपल्याला पटत नाही. नोकरी म्हाताऱ्याची, मशीन नवं, बोलणार काय. मूग गिळून बसलो, ते म्हणाले. मूग गिळायला तरी तोंड उघडावं लागतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून मीही ते गिळलं.

चहानंतरची पहिली गाडी बार्शीटाकळीकडची होती. नवराबायको, दोघंही साठीतले. बाईने गाडीवरची ताडपत्री स्वतः काढली आणि ओल्या हाताने बाजूला धरून उभी राहिली. बाबांनी काटा खुपसला. आकडा मोठा आला. डावा हात कापसात होता. मी गोळा उठताना बघितला आणि नंतर तो बसताना बघितला. बाबांनी हात बाहेर काढला, मुठीतली एक सरकी सोलली आणि तोंडात टाकली. त्यांचं तोंड जेमतेम उघडलं, पण तेवढं पुरलं. सरकी फुटल्याचा आवाज वजनकाट्यापर्यंत ऐकू आला.

"वरतं दव हाय," ते शेठकडे न बघता म्हणाले. "आतून सुका हाय. दोन घंटे उन्हात उभी करा गाडी, मंग लावा मशीन."

शेठ जवळ आले, त्यांनी कापसात हात घातला, बाबांकडे बघितलं आणि गाडी उन्हात घ्यायला सांगितली. दुपारी आकडा खाली आला. बाबा म्हणाले होते तितका नाही, पण आला. जाताना त्या बाईने ताडपत्रीची घडी घालता घालता एकदा वळून बाबांकडे पाहिलं.

यापुढचं सांगायला मला आवडत नाही, पण ते झालं तसं सांगायला हवं. ही गोष्ट रांगेत पसरली. आमचीही उन्हात उभी करतो, असं प्रत्येक गाडीवाला म्हणू लागला. आवारात जागा राहीना. शेठ काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला गाड्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या. हंगाम संपला तेव्हा त्याने बाबांना चहा पाजला आणि पुढच्या वर्षी तुम्ही आराम करा असं सांगितलं. आई माझ्यावर फार चिडली. एका दाढेसाठी घरची नोकरी घालवली, म्हणाली, आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. आईचं चुकलं होतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. पण बाबा फाटकातून बाहेर येताना मी त्यांना पाहिलं होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता. दोन्ही खरं आहे.

जबडा त्या उन्हाळ्यात सुटला. आधी दोन बोटं, मग तीन. आंबा बाठीसकट चोखता यायला लागला तेव्हा बाबांनी मला मुद्दाम अमरावतीला निरोप धाडला. कशाने बरा झाला, हे मला विचाराल तर मी शपथेवर काही सांगणार नाही. बोलल्याने असेल, नोकरी सुटल्याने असेल, आईच्या मिठाच्या पुरचुंडीने असेल. डॉक्टर म्हणाले, अशी बरीच दुखणी काही न करताही निवळतात, फक्त तोवर कुणी घाईने काही कापू नये. वाजणं तेवढं राहिलं. भाकरी खाताना अजूनही कट व्हायचं आणि शिंपी चाचा भिंतीपलीकडून विचारायचे, काय म्हणतो कापूस आज?

पुढे बाबांचे दात वयाने पडत गेले. त्या दाढेच्या समोरची वरची दाढ पडली, मग तिच्या शेजारच्या. कवळी त्यांनी करून घेतली आणि डब्यात ठेवून दिली. शेवटी खाली ती एकच दाढ उभी राहिली आणि तिला टेकायला वर काही नव्हतं. चाव म्हणून जो असतो तो त्यांच्या तोंडात उरलाच नव्हता. आणि जबडा अजिबात दुखत नव्हता. मी तरुण डॉक्टरांना, जे आता तरुण राहिले नव्हते, मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी निळी पट्टी हातात घेतली, बाबांच्या तोंडात बघितलं आणि पट्टी परत ठेवून दिली. आम्ही तिघंही हसलो.

गेल्या हिवाळ्याआधी मी वर्गात धागा दाखवायला कापसाची काही बोंडं नेली होती. उरलेली पिशवीत तशीच राहिली आणि शनिवारी बाबांच्या हाती लागली. त्यांनी एक बोंड उकललं, धागा ओढून बघितला, सरकी सोलली आणि सवयीने तोंडात टाकली. ती दाढेवरून घसरली. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा घसरली. फोडायला वर काही नव्हतं. त्यांनी ती काढून धोतराला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"तू फोडून पाय."

मी ती उजव्या दाढेखाली धरली आणि दाबली. इतक्या वर्षांनी तीच कडवट तेलकट चव. सरकी फुटली. आवाज मला कानाने आला नाही, हाडातून आला, आणि बाबा डावीला समजत नाही म्हणायचे ते मला पहिल्यांदा थोडंसं पटलं.

"मले वाटते सुकी असावी," मी म्हटलं.

"वाटते नोको म्हनू," बाबा म्हणाले. "सुकी हाय तं सुकी हाय म्हन."

मी त्यांच्याकडे बघून तसं म्हटलं. मग त्यांनी दुसरं बोंड उकलायला घेतलं.